दोन दिवस, अकरा माहितीपट: पुण्यात स्थानिक माहितीपट महोत्सव भरवताना

पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पदरचे पैसे घालून माहितीपट करणाऱ्यांची कमी नाही. चित्रपट तयार होतो, दोन-चार महोत्सवांना पाठवला जातो आणि मग हार्ड डिस्कवर पडून राहतो. ज्या वस्तीत, ज्या टेकडीवर तो चित्रित झाला, तिथल्या लोकांनी तो पाहिलेलाच नसतो. अशा चित्रपटांचा दोन दिवसांचा छोटा महोत्सव आम्ही काही जणांनी मिळून डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी केला. तयारी जूनपासून चालली होती. असं काही करायचं मनात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून ही नोंद. चित्रपट निवडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग होता, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात तारखेपासून. पुण्यात मोकळा शनिवार-रविवार सापडणं मुश्कील. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा आणि गणपती, म्हणजे कॉलेजची मुलं आणि रस्ते दोन्ही हाताबाहेर. मग नवरात्र, दिवाळी. २० नोव्हेंबरच्या सुमारास गोव्यात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू होतो आणि चित्रपटवाली निम्मी मंडळी तिकडे जातात. डिसेंबरच्या मध्यावर सवाई गंधर्व संगीत महोत्सव, जानेवारीत पिफ म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. इफ्फी आणि सवाईच्या मधली फट आम्ही पकडली. लग्नसराई असते, पार्किंगचा त्रास होतो, पण हवा चांगली असते आणि दुपारी अंधाऱ्या सभागृहात बसायला लोक कुरकुर करत नाहीत.

जागा जूनच्या शेवटी पाहायला लागलो. सभागृहाच्या कार्यालयात भाडं विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: इथे चित्रपट दाखवायचा परवाना आहे का? महाराष्ट्रात चित्रपट दाखवण्याच्या जागांसाठी १९५३चा वेगळा सिनेमा नियमन कायदा आहे. नाटकाची, व्याख्यानाची परवानगी असलेल्या सभागृहात चित्रपट चालतोच असं नाही. त्यामुळे जिथे नियमित चित्रपट दाखवले जातात अशीच जागा घ्यावी. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, फिल्म इन्स्टिट्यूट आहे, शहरात फिल्म सोसायट्यांचे खेळ जिथे होतात अशा इतरही जागा आहेत. तिथे चौकशी करताना परवान्याचा विषय काढला तर समोरच्याला लगेच कळतं की तुम्ही गृहपाठ करून आला आहात. आम्हाला दीडशे-पावणेदोनशे खुर्च्यांची जागा मिळाली. दोन दिवसांचं भाडं करासकट ३४ हजार, अनामत १० हजार वेगळी. भाडं कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत, आदल्या संध्याकाळी ट्रायलला जागा मिळेल का, वातानुकूलन भाड्यात आहे का, बाहेरचा चहावाला चालतो का, हे सगळं पावतीवर किंवा पत्रावर लिहून घ्या. तोंडी "हो हो, होऊन जाईल" म्हणणारा माणूस कार्यक्रमाच्या दिवशी नेमका सुट्टीवर असतो.

आमची स्वतःची नोंदणीकृत संस्था नाही. बँक खातं, पावत्या आणि सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मागायला दिल्लीला करायचा अर्ज या तिन्हीसाठी नोंदणीकृत संस्था पाठीशी असली की काम सोपं होतं. म्हणून एका जुन्या न्यासाला सहआयोजक केलं. त्यांचा ठराव, लेटरहेड आणि सही यांना जुलै गेला, कारण विश्वस्तांची बैठक महिन्यातून एकदाच होते. हा वेळ वेळापत्रकात धरून ठेवावा.

आवाहन जुलैच्या मध्यावर काढलं आणि ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली. "स्थानिक" म्हणजे काय यावरून वाद होतात, म्हणून नियम सुटसुटीत ठेवला: दिग्दर्शक पुणे जिल्ह्यात राहणारा हवा किंवा चित्रपटाचा विषय पुणे जिल्ह्यातला हवा. दोन्हींपैकी एक पुरे. प्रवेश शुल्क ठेवलं नाही. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याकडून निवडीसाठी पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

अर्जाचा फॉर्म मात्र लांबलचक केला, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. लांबी, भाषा, सबटायटल कोणत्या भाषेत, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं), आवाज स्टिरिओ की ५.१ (सहा चॅनेलचा), सेन्सॉर प्रमाणपत्र असल्यास क्रमांक, निर्मात्याचं नाव, संगीत कुठून घेतलं, आधी कुठे दाखवला आहे. लिंक मागताना पासवर्ड आणि लिंकची मुदत विचारा. पंधरा दिवसांत बंद होणारी लिंक पाठवणारे बरेच असतात, आणि परीक्षकाला वेळ मिळतो नेमका सोळाव्या दिवशी.

साठच्या आसपास चित्रपट आले. नदी, टेकड्या, कचरावेचक, ऊसतोड, तमाशाचे फड, जुने वाडे. प्रत्येक चित्रपट किमान दोघांनी पूर्ण पाहायचा, पहिली दहा मिनिटं पाहून सोडायचा नाही, एवढाच दंडक होता. माहितीपट बऱ्याचदा विसाव्या मिनिटाला जागा होतो. अकरा चित्रपट निवडले, सगळ्यात लहान १८ मिनिटांचा, सगळ्यात मोठा ६४ मिनिटांचा. नकाराची पत्रंही सगळ्यांना पाठवा, दोन ओळींची का होईना. शहर लहान आहे आणि हीच माणसं प्रेक्षक म्हणून येणार असतात.

यानंतर खरं काम सुरू झालं. पहिला कागद, प्रदर्शनाच्या संमतीचा. एक पान पुरतं: कुठला चित्रपट, कुठल्या तारखेला, कुठे, एकदाच दाखवणार, प्रत काढणार नाही, कार्यक्रमानंतर फाइल पुसणार, मानधन किती. पण त्यावर सही कोणाची? १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाने प्रेमाने "दाखवा की" म्हटलं तरी त्याला तो अधिकार असेलच असं नाही. स्वतःच्या पैशांनी केलेल्या चित्रपटात दोघं एकच असतात, तिथे प्रश्न येत नाही. एखाद्या सामाजिक संस्थेने करून घेतलेला चित्रपट असेल तर सही त्या संस्थेची. फिल्म शिक्षणसंस्थेतला पदविका चित्रपट असेल तर हक्क बहुधा संस्थेकडे, तिथून ना-हरकत पत्र यायला तीन-चार आठवडे धरा. संगीताबद्दलही एक ओळ लिहून घ्या. लग्नाच्या वरातीत मागे वाजणारं सिनेमातलं गाणं चित्रपटात जसंच्या तसं असतं आणि त्याचा हक्क कोणी घेतलेला नसतो. मध्यंतरात सभागृहात गाणी लावायचा मोहही टाळा, त्याला वेगळा परवाना लागतो. आम्ही मध्यंतर शांत ठेवलं. लोक एकमेकांशी बोलले.

दुसरा कागद सेन्सॉरचा, आणि इथेच बहुतेक जण गळपटतात. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागतं. प्रवेश मोफत आहे, खुर्च्या दीडशेच आहेत, चित्रपट वीस मिनिटांचाच आहे, यातल्या कशानेही सूट मिळत नाही. माहितीपटवाल्यांचं या विषयाशी जुनं भांडण आहे. दिग्दर्शक के. ए. अब्बास यांचा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला १९७०चा खटला एका छोट्या माहितीपटावरूनच उभा राहिला होता. पुढे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने २००४ सालच्या आवृत्तीत भारतीय चित्रपटांना प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा देशभरातले माहितीपटकार एकत्र आले आणि त्यातून 'विकल्प' हा समांतर महोत्सव झाला. मत काहीही असो, आयोजकाला कागद लागतोच.

आमच्या अकरांपैकी चार चित्रपटांकडे प्रमाणपत्र होतं. ते तपासताना नुसता शिक्का पाहू नका, लांबी जुळवा. प्रमाणपत्रानंतर चित्रपटात कापाकापी किंवा भर घातली असेल तर ते प्रमाणपत्र त्या नव्या प्रतीला आपोआप लागू होत नाही. प्रमाणपत्रावर ४२ मिनिटं आणि फाइल ४७ मिनिटांची असेल तर दिग्दर्शकाला विचारा. अशा वेळी मूळ प्रत दाखवणं हाच बिनघोर मार्ग.

उरलेल्या सातांसाठी त्याच कायद्याचं कलम ९. महोत्सवांना प्रमाणपत्रातून सूट देण्याचा अधिकार या कलमाने केंद्र सरकारला आहे, अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे करायचा. सोबत चित्रपटांची यादी, दिग्दर्शक, भाषा, लांबी, प्रत्येकाचा सारांश, चित्रपट आधी पाहणाऱ्या समितीच्या सदस्यांची नावं आणि त्या समितीचा अहवाल, आणि हमीपत्र. हमीपत्राचा गाभा असा की प्रदर्शन व्यावसायिक नाही आणि प्रेक्षक हे आधी नोंदणी केलेले प्रतिनिधी, समीक्षक किंवा चित्रपट क्षेत्रातली माणसं असतील. याचा व्यवहारात अर्थ एवढाच की दारावर तिकीटविक्री नाही आणि रस्त्यावरून आत येणाऱ्याला थेट प्रवेश नाही. आधी नोंदणी, मग बिल्ला, मग खुर्ची. दारात देणगीची पेटी ठेवावी असं काहींचं म्हणणं होतं, पण ती तिकिटासारखी दिसते म्हणून ठेवली नाही.

अर्ज ऑक्टोबरच्या मध्यावर गेला, उत्तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलं. ते पाच-सहा आठवडे सगळ्यात जिवावर येतात. फलक छापायचे की नाही, बाहेरगावच्या पाहुण्यांची तिकिटं काढायची की नाही, काही ठरत नाही. आम्ही कार्यक्रमपत्रिकेवर "परवानगीच्या अधीन" असं छापलं आणि क्रम असा लावला की सूट आली नाही तर प्रमाणपत्रवाले चार चित्रपट आणि त्यांच्या चर्चा एवढ्यावर एक दिवस निभावता यावा. सारांश लिहिताना साधी, नेमकी वाक्यं लिहा. दिग्दर्शक पाठवतात ते काव्यमय परिच्छेद जसेच्या तसे जोडले तर वाचणाऱ्याला चित्रपट कशाबद्दल आहे तेच कळत नाही, आणि विचारणा आली की आठवडा जातो. अर्ज गेल्यावर यादीत नवा चित्रपट घालता येत नाही असं समजूनच चाला. प्रतिनिधींना १८ वर्षांची अट ठेवली, कारण प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटाला वयोगट नसतो.

स्थानिक पोलीस ठाण्यात कार्यक्रमाची माहिती देणारं पत्र, सोबत कार्यक्रमपत्रिका आणि प्रमाणपत्रातून सूट मिळाल्याच्या पत्राची प्रत. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन या. ही पोच प्रवेशदाराशी बसणाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवायची. घरी ठेवलेल्या पोचेचा उपयोग नसतो. उघड्यावर पडदा लावणार असाल तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी वेगळी लागते आणि रात्री दहाला आवाज बंद. बंद सभागृहात तो प्रश्न नव्हता.

आता फाइली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या मागवल्या. मागणी स्पष्ट करावी: एमपीफोर किंवा मूव्ह, १९२० बाय १०८०, स्थिर फ्रेम रेट, आवाज ४८ किलोहर्ट्झ, सबटायटल चित्रातच उमटवलेली. "स्थिर" हा शब्द महत्त्वाचा. मोबाइलवर चित्रित केलेल्या तुकड्यांचा फ्रेम रेट बदलता असतो. संकलनात ते तसेच गेले की चाळिसाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज वेगळे चालू लागतात, आणि पहिली पाच मिनिटं तपासून हे कळत नाही. म्हणून प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या मुलाखतीवर तपासावी.

पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीच्या वरची फाइल त्यावर चढतच नाही. २० एमबीपीएसचा तासाभराचा चित्रपट नऊ जीबीच्या आसपास जातो. त्याऐवजी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. डीसीपी, म्हणजे थिएटरमध्ये चालणारी चित्रपटाची डिजिटल प्रत, मागायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. थिएटरच्या सर्व्हरवर दाखवायचं असेल तरच डीसीपीचा फायदा. तशी गरज असेल तर डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालतं. फक्त २५ फ्रेमचा चित्रपट २४ वर नेला की ६० मिनिटांचा साडेबासष्ट मिनिटांचा होतो आणि आवाज किंचित जड वाटतो, हे दिग्दर्शकाच्या कानावर घाला.

सबटायटलचा घोळ देवनागरीत जास्त. सबटायटलची वेगळी एसआरटी फाइल आली आणि प्लेअरमध्ये देवनागरीचा योग्य फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. 'प्रश्न'मधला र एकीकडे, श एकीकडे. फाइल यूटीएफ-८ (देवनागरी नीट साठवणारी पद्धत) मध्ये नसेल तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून चित्रातच उमटवून घेतली. अहिराणी आणि वडारी बोलीतल्या चित्रपटांना फक्त इंग्रजी सबटायटल होती, ती महोत्सवांसाठी केलेली. आपल्या शहरातल्या प्रेक्षकांसाठी मराठी हवीतच. दोन्ही दिग्दर्शकांनी ती करून दिली, त्याचे थोडे पैसे आम्ही दिले.

आवाजाची पातळी प्रत्येक चित्रपटाची वेगळी असते. कोणी टीव्हीच्या हिशोबाने उणे २३ एलयूएफएसला (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) ठेवतं, कोणी यूट्यूबसाठी उणे १४ ला. सलग लावले की एक कुजबुजतो आणि दुसरा अंगावर येतो. आम्ही प्रत्येकाची मोजणी केली आणि सभागृहात ट्रायल घेऊन मिक्सरची खूण प्रत्येक चित्रपटासमोर कागदावर लिहिली. फाइलीत ढवळाढवळ करण्यापेक्षा हे बरं. दिग्दर्शकाने केलेलं मिश्रण तसंच राहतं.

ट्रायल आदल्या संध्याकाळी, पूर्ण चार तास. प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा भाड्याची, तंत्रज्ञासकट २२ हजार. बारा फूट रुंद पडद्याला काळोख्या सभागृहात ५,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. ठरवण्याआधी त्याचं मूळ रिझोल्यूशन विचारा. अजूनही १०२४ बाय ७६८चे प्रोजेक्टर भाड्याने मिळतात, त्यावर चित्र येतं पण सबटायटल फिसकटतात. लॅपटॉपचा रिफ्रेश रेट (पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं) ५० हर्ट्झवर ठेवला की २५ फ्रेमचा चित्रपट सरळ चालतो. ६० वर ठेवला की कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. लांब एचडीएमआय केबल १०-१५ मीटरनंतर दगा देते. ऑप्टिकल केबल घ्यावी, पण तिला दिशा असते. लॅपटॉपकडचं टोक प्रोजेक्टरला लावलं तर पडदा काळाच राहतो आणि सगळे लॅपटॉपला दोष देतात.

एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती ओळखायला अवघड आहे. ट्रायलमध्ये चित्रपट लागला, पक्षी ऐकू आले, वाहनांचा आवाज आला, संगीतही बऱ्यापैकी आलं, पण मुलाखत देणाऱ्या बाईंचे ओठ हलत होते आणि आवाज जवळजवळ नाही. फाइल ठीक होती. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली स्टिरिओ पिन मिक्सरच्या माइकच्या इनपुटमध्ये गेली होती. ते इनपुट बॅलन्स्ड असतं, म्हणजे एका तारेतला आवाज दुसरीतून वजा करतं. डाव्या-उजव्या बाजूला जे सारखं आहे ते वजा होऊन जातं, आणि बोलणं नेमकं दोन्हीकडे सारखं असतं. इलाज सोपा: एका बाजूला स्टिरिओ आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पिना असलेली वायर, दोन वेगळ्या चॅनेलमध्ये. लॅपटॉपच्या चार्जरमुळे घरघर येत असेल तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे ती घरघर तोडणारी छोटी पेटी.

दुपारी तीनच्या उन्हासाठी झरोके काळ्या कापडाने झाकले. पडद्यासाठी स्वतंत्र लॅपटॉप आणि त्याच फाइलींसह दुसरा तयार. नोटिफिकेशन बंद, स्लीप बंद, वायफाय बंद.

दोन्ही दिवस तीन-तीन सत्रं. प्रत्येक सत्रात चित्रपट साधारण ७० मिनिटांचे, मग चर्चेला २५ मिनिटं, मग अर्धा तास मोकळा. हा अर्धा तास कार्यक्रमपत्रिकेत रिकामा दिसतो आणि कोणीतरी तिथे भाषण घालायला सुचवतं. घालू नका. उशीर तिथेच भरून निघतो. कचरावेचक महिलांवरचा चित्रपट आम्ही रविवारी दुपारी चारला ठेवला, कारण त्यांचं काम पहाटे सुरू होतं आणि सकाळच्या सत्राला त्या येऊच शकत नाहीत. त्यांची नोंदणी आधीच करून बिल्ले वस्तीतच पोचवले आणि येण्या-जाण्याच्या रिक्षांचे पैसे दिले. चर्चेत पहिला माइक चित्रपटात दिसणाऱ्या माणसाला द्यायचा असं ठरवलं होतं. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "माझं घर दाखवलंय ते ठीक, पण मुकादमाचं दाखवायला पाहिजे होतं." पुढचा अर्धा तास दिग्दर्शकाला त्यावरच बोलावं लागलं. पुण्यात प्रश्न म्हणून चार मिनिटांचं निवेदन करणारे असतातच. माइक फिरवणाऱ्याने तो हातातून सोडायचा नाही, स्वतः धरून ठेवायचा. एवढ्याने बराच फरक पडतो.

नोंदणी २४० जणांची होती. मोफत कार्यक्रमाला नोंदणी करणाऱ्यांतले साधारण निम्मे येतात असं धरलं होतं, शनिवारी तसंच झालं. रविवारी संध्याकाळी मात्र खुर्च्या कमी पडल्या आणि जिन्याच्या वाटेत कोणालाही बसू द्यायचं नाही यावर दारात थोडी वादावादी झाली. आगीच्या दृष्टीने वाट मोकळीच हवी, तिथे भिडस्तपणा कामाचा नाही.

खर्चाचा हिशोब: सभागृह ३४ हजार, प्रोजेक्टर आणि ध्वनी २२ हजार, प्रत्येक चित्रपटाला २ हजार मानधन म्हणजे २२ हजार, चहा-नाश्ता १४ हजार, छपाई आणि फलक ६ हजार, रिक्षा-सबटायटल-किरकोळ ५ हजार. एकूण १ लाख ३ हजार. सगळे पैसे वर्गणीतून, कार्यक्रमाच्या आधी जमवलेले. पैसे कमी पडले तर फलक कापा, चहा कापा. मानधनाला हात लावू नका. रक्कम मोठी नसते, पण माहितीपटवाल्याला त्याच्या गावात कोणी पैसे देऊन चित्रपट दाखवल्याचं अप्रूप असतं.

नंतरच्या आठवड्यात फाइली पुसल्या आणि तसं प्रत्येकाला लिहून कळवलं, सोबत त्यांच्या सत्राला किती लोक होते तो आकडा. पुढच्या महोत्सवांच्या अर्जात त्यांना तो लागतो. न्यासाला हिशोब आणि मूळ पावत्या दिल्या. अनामत परत मिळायला महिना लागला. त्यासाठी भरलेल्या रकमेची मूळ पावती, रद्द केलेला धनादेश आणि सभागृह स्वच्छ परत दिल्याची व्यवस्थापकाची सही लागते. ती सही रविवारी रात्री निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावी.